ऑनलाइन चर्चेला मार्क द्यावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही पुण्यातल्या एका स्वायत्त इंजिनिअरिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाला डेटा स्ट्रक्चर्स, म्हणजे संगणकात माहिती रचून ठेवायच्या पद्धती, शिकवता. मूडल या ऑनलाइन वर्गाच्या व्यवस्थेवर तुमचा कोर्स आहे आणि त्यात मुलांनी एकमेकांना डाउट विचारायची, उत्तरं द्यायची सोय आहे. मागच्या सत्राचा डेटा काढल्यावर तुम्हाला दिसलं की ज्यांनी जास्त पोस्ट टाकल्या त्यांना एंड-सेमला मार्कही जास्त पडले. विभागप्रमुखांनी आलेख पाहिला आणि ठरवून टाकलं: या सत्रापासून चर्चेला १० मार्क, आठवड्याला प्रत्येकाच्या किमान दोन पोस्ट. आणि तुम्ही विचारताय, यामुळे सगळ्यांचेच मार्क वाढतील ना?

नाही वाढणार. इतक्या ठामपणे सांगते, कारण हा उद्योग मी स्वतः करून झाला आहे आणि त्यात तोंडावर आपटले आहे. ती गोष्ट पुढे येईलच. आधी तुमच्या आलेखाबद्दल बोलू.

रविवारी पहाटे सिंहगड चढणारी मंडळी बघा. साठी ओलांडलेले काका न थांबता वर पोचतात, पिठलं-भाकरी खातात, मडक्यातलं दही खातात आणि नऊच्या आत घरी परततात. कुणी डेटा काढला तर त्याला नक्की दिसेल की गडावर पिठलं-भाकरी खाणाऱ्यांची तब्येत सोसायटीतल्या बाकीच्यांपेक्षा ठणठणीत आहे. म्हणून त्याने अख्खी सोसायटी गाडीत घालून वर नेली आणि सगळ्यांना पिठलं-भाकरी खायला घातली, तर काय होईल? पोटं भरतील. पोस्टची संख्या म्हणजे ही पिठलं-भाकरी. फायदा चढण्याचा आहे, आणि ज्यांना चढवतं ती माणसं मुळातच जरा वेगळी आहेत.

तुमच्या आलेखात निदान तीन गोष्टी एकमेकींत कालवल्या गेल्या आहेत. पहिली तुम्हाला माहीतच आहे: ज्याला विषय येतो, ज्याचं इंग्रजी बरं आहे आणि जो चारचौघांत बोलायला घाबरत नाही, तोच आधी लिहितो. त्याला मार्क पडायचेच होते. चर्चा नसती तरी पडले असते.

दुसरी गोष्ट टिकून राहण्याची. मार्च २०१२ मध्ये एमआयटीने सर्किट्स अँड इलेक्ट्रॉनिक्सचा आपला पहिला खुला ऑनलाइन कोर्स सुरू केला. १,५४,७६३ लोकांनी नावं नोंदवली आणि प्रमाणपत्र मिळालं ७,१५७ जणांना. त्या कोर्सचा पुढे जो अभ्यास झाला त्यात दिसलं की नाव नोंदवलेल्यांपैकी चर्चेत उतरले जेमतेम ३ टक्के, पण प्रमाणपत्र मिळवलेल्यांपैकी मात्र ५२ टक्के लोक चर्चेत सक्रिय होते. हे आकडे समोर ठेवून कुणीही म्हणेल, ‘बघा, चर्चा करा आणि पास व्हा.’ पण जो दुसऱ्या आठवड्यात कोर्स सोडून गेला त्याला दहाव्या आठवड्यात पोस्ट टाकायची संधीच कुठे मिळाली? टिकलेल्या माणसाच्या पोस्ट जास्त असणार आणि प्रमाणपत्रही त्यालाच मिळणार. दोन्हींच्या मुळाशी त्याचं टिकणं आहे.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट होती, ती मला जास्त बोलकी वाटते. ज्यांनी हा कोर्स संगणकाबाहेर, प्रत्यक्ष कुणाबरोबर तरी बसून केला, त्यांचे अपेक्षित गुण एकट्याने करणाऱ्यांपेक्षा जवळपास तीनने जास्त निघाले. म्हणजे जी चर्चा सर्व्हरला दिसलीच नाही, तिचाही शिकण्याशी संबंध होता. (हाही नुसता संबंधच, हे कबूल. बरोबर बसायला माणूस मिळणं हेही सगळ्यांच्या नशिबात नसतं.)

पुण्यात तर हे फारच लागू पडतं. आपल्याकडची खरी चर्चा होते ती वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, हॉस्टेलच्या जिन्यात, टपरीवर, सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेबाहेर चपला घालता घालता. मूडलवर शून्य पोस्ट असलेला मुलगा रात्री साडेबाराला रूमवरच्या तिघांना ट्री ट्रॅव्हर्सल समजावून सांगत असू शकतो. तुमच्या आलेखात तो ‘निष्क्रिय’ म्हणून मोजला गेला.

तिसरी गोष्ट म्हणजे घाबरगुंडी. सबमिशनच्या आदल्या रात्री धडाधड पोस्ट टाकणारी मुलं असतात. त्यांची संख्या मोठी दिसते, पण ती अभ्यासाची नसते, आग विझवायची धावपळ असते. एका मुलाने सत्रभर दर पंधरवड्याला एक पोस्ट टाकली आणि दुसऱ्याने एकाच रात्रीत आठ टाकल्या, तर आलेखावर दोघे एकाच ठिकाणी बसतात.

तेव्हा विभागप्रमुखांना आलेख दाखवायचाच असेल तर वेगळा काढा. तुमच्या पेपरात प्रश्न युनिटनिहाय असतात आणि कॉलेज स्वायत्त असल्यामुळे उत्तरपत्रिका तुमच्याकडेच आहेत. ही फार मोठी सोय आहे, वापरा. प्रत्येक मुलाने कोणत्या युनिटवर चर्चा केली आणि कोणत्या युनिटवर तो गप्प राहिला, ते वेगळं काढा. लिंक्ड लिस्टवर बोललेला मुलगा हॅशिंगवर गप्प होता ना? मग त्याचे लिंक्ड लिस्टच्या प्रश्नातले मार्क त्या प्रश्नाच्या वर्गसरासरीशी ताडून बघा आणि हॅशिंगचे हॅशिंगच्या सरासरीशी. मुलगा तोच, त्याची हुशारी तीच, इंग्रजी तेच. तरीही बोललेल्या युनिटमध्ये तो सरासरीच्या वर सरकलेला दिसला, आणि असं बऱ्याच मुलांच्या बाबतीत दिसलं, तर चर्चेने काहीतरी केलं असं म्हणायला थोडी जागा आहे. थोडीच, कारण त्याला लिंक्ड लिस्ट मुळातच आवडत असेल. पण ‘जास्त पोस्ट, जास्त मार्क’ यापेक्षा हे कितीतरी प्रामाणिक आहे. एका एक्सेल शीटचं आणि एका रविवारचं काम आहे.

आता माझी गोष्ट.

काही वर्षांपूर्वी मीही हाच नियम केला होता. आठवड्याला दोन पोस्ट: एक स्वतःची, एक दुसऱ्याला उत्तर. मुदत रविवारी रात्री बारा. पहिल्या आठवड्यात मी हरखून गेले. मूडल उघडते तर पोस्टच पोस्ट. मग वाचायला बसले. ‘खूप छान मुद्दा मांडलास.’ ‘मी तुझ्याशी पूर्ण सहमत आहे.’ ‘स्टॅक ही एक लिनिअर डेटा स्ट्रक्चर असून ती लास्ट इन फर्स्ट आउट या तत्त्वावर चालते,’ हे वाक्य स्वल्पविरामासकट नऊ जणांनी टाकलेलं. बहुतेक सगळ्या पोस्ट रविवारी रात्री अकरानंतरच्या. पुढे कळलं की वर्गाच्या सीआरने, म्हणजे वर्गप्रतिनिधीने, पाळ्या लावून दिल्या होत्या: या आठवड्यात अमक्याने विचारायचं, तमक्याने उत्तर द्यायचं, पुढच्या आठवड्यात उलट. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक. संगीत नाटकात नसेल इतकी चोख तालीम! मुलांना मी दोष देत नाही. आपण पोस्टला मार्क ठेवले, त्यांनी पोस्ट दिल्या. टर्मवर्कची फाईल कशी तयार होते हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. ही त्याच फाईलची ऑनलाइन आवृत्ती.

खरं दुःख वेगळंच होतं. त्या गर्दीत एका मुलीने, बहुधा वर्गात एकटीनेच, खराखुरा प्रश्न विचारला होता. रिकर्शनमध्ये फंक्शन स्वतःलाच बोलावतं तेव्हा आधीच्या बोलावण्यातल्या व्हेरिएबलचं काय होतं, ते पुसलं जातं का, असा. अगदी नेमका प्रश्न. तो ज्याला पडला त्याला रिकर्शन कळायला सुरुवात झाली आहे. तिच्याखाली दोन उत्तरं होती: ‘छान प्रश्न’ आणि ‘मलाही हाच प्रश्न पडला होता’. मी तो वाचला चार दिवसांनी, युनिट टेस्ट होऊन गेल्यावर. पेपरात रिकर्शनवर प्रश्न होता आणि तिने तो सोडून दिला होता. मी ज्या सोयीला चर्चा म्हणत होते, तिने त्या आठवड्यातली एकच चर्चा गाडून टाकली होती.

सक्तीतून आलेल्या पोस्ट निरुपयोगी असतात एवढंच असतं तर चाललं असतं. त्या उपयोगी पोस्टवर माती टाकतात. आणि आता तर परिच्छेद लिहून द्यायला चॅटजीपीटी आहे, म्हणजे ‘छान मुद्दा’ तरी माणसाने टाइप केलेला होता, आता तेही नाही.

मग चर्चा सोडूनच द्यायची का? अजिबात नाही. बोलण्याने शिकणं होतं, याला भक्कम आधार आहे. फक्त ते कोणत्या वाटेने होतं हे माहीत हवं.

१९७० च्या दशकात अमेरिकेत बर्कलेच्या विद्यापीठात गणिताचे संशोधक युरी ट्राइझमन यांनी कॅल्क्युलस शिकणाऱ्या मुलांचं जवळून निरीक्षण केलं. कृष्णवर्णीय मुलं त्या विषयात मागे पडत होती. प्राध्यापकांचे अंदाज ठरलेले होते: तयारी कच्ची, घरचा पाठिंबा नाही, इच्छा नाही. ट्राइझमन त्यांच्याबरोबर राहिले तेव्हा दिसलं की ती मुलं नेमून दिलेला अभ्यास इमानेइतबारे करत होती, पण एकटी बसून. दुसरीकडे चिनी वंशाची मुलं आधी एकटी बसायची आणि मग संध्याकाळी एकत्र येऊन एकमेकांची गणितं तपासायची. अडलेलं एखादं गणित कुणालाच सुटलं नाही, तर ते अवघडच आहे हे त्यांना कळायचं. एकटा बसणारा मात्र समजायचा की आपल्यालाच येत नाही. ट्राइझमन यांनी पुढे एकत्र बसून अवघड गणितं सोडवायच्या कार्यशाळा घेतल्या आणि त्या मुलांचे निकाल सुधारले. ‘आपल्यालाच येत नाही’ हे वाक्य मी लातूरहून, धुळ्याहून पुण्यात येऊन कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे की हा अभ्यास मला परका वाटतच नाही.

दुसरा दाखला कोलोरॅडो विद्यापीठातल्या जनुकशास्त्राच्या वर्गाचा, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला. मुलांनी आधी एकट्याने उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्यांशी चर्चा करून पुन्हा द्यायचं, आणि त्यानंतर त्याच संकल्पनेवरचा वेगळा प्रश्न पुन्हा एकट्याने सोडवायचा. शंका अशी होती की चर्चेत मुलं हुशार मुलाचं उत्तर नुसतं उचलत असतील. पण ज्या गटात सुरुवातीला एकालाही बरोबर उत्तर येत नव्हतं, त्या गटांतली मुलंही चर्चेनंतर सुधारली. उचलायला कुणाकडे काही नव्हतंच! ‘हे असं का?’ म्हणून एकमेकांना टोकताना त्यांची त्यांनाच वाट सापडली. माझ्या मते आपल्या कामाचा सगळ्यात मोठा धडा हाच आहे. चर्चेत उत्तर माहीत असलेला माणूस नसला तरी चालतो, प्रयत्न करून आलेला माणूस मात्र लागतो.

तेव्हा नुसतं वाचणं, नुसतं ‘लाइक’ करणं, नुसतं उत्तर मिळवणं यांत फारसं काही नाही. जॉर्जिया टेकच्या मानसशास्त्राच्या एका ऑनलाइन कोर्सवर २०१५ मध्ये अभ्यास झाला. त्यात शिकण्याशी प्रत्यक्ष सराव करण्याचं नातं हे व्हिडिओ बघण्याच्या नात्यापेक्षा सहापटींनी घट्ट निघालं. चर्चेलाही हाच न्याय लावा. ज्या पोस्टसाठी मुलाला वहीत काहीतरी करावं लागलं, ती पोस्ट कामाची.

माझ्याकडे आता प्रश्न कसा विचारायचा याला एकच अट आहे: काय करून पाहिलं, नेमकं कुठे अडलं आणि तुला काय वाटतंय. तीन वाक्यं पुरेत. ‘मॅडम, लिंक्ड लिस्टचा प्रोग्राम चालत नाहीये, प्लीज हेल्प’ हा प्रश्न मी परत पाठवते. तोच मुलगा अर्ध्या तासाने लिहितो: ‘पहिला नोड डिलीट करतोय. आधी फ्री केला, मग त्याच नोडचा नेक्स्ट वाचून हेडमध्ये टाकला. माझ्या लॅपटॉपवर चालतं, लॅबमध्ये क्रॅश होतं. मला वाटतं लॅबचा कंपायलर जुना आहे.’ (लिंक्ड लिस्ट म्हणजे नोडांची साखळी: प्रत्येक नोडमध्ये पुढच्याचा पत्ता, म्हणजे नेक्स्ट, आणि हेडमध्ये पहिल्याचा पत्ता. फ्री करणं म्हणजे मेमरीतली जागा परत देणं.) बघा, अंदाज साफ चुकला आहे, पण प्रश्न सोन्यासारखा आहे. फ्री केलेल्या जागेत डोकवायचं नसतं, तिथे जुनी किंमत कधी टिकलेली असते आणि कधी नसते, म्हणून एका मशीनवर चालतं आणि दुसऱ्यावर नाही. पुढचा पत्ता आधी बाजूला ठेवायचा आणि मग फ्री करायचं. हे मी वर्गात दहा वेळा सांगितलेलं असतं. या एका पोस्टने सांगितलं ते त्या दहा वेळांपेक्षा जास्त जणांच्या डोक्यात राहिलं, कारण प्रत्येकाने लगेच आपापला प्रोग्राम उघडून पाहिला. आणि गंमत म्हणजे असे निम्मे प्रश्न पोस्टच होत नाहीत. कुठे अडलं ते लिहिता लिहिताच सुटतं आणि मुलगा खिडकी बंद करून निघून जातो. ते तुमच्या आलेखात कधीच येणार नाही.

चॅटजीपीटीचा बंदोबस्तही बराचसा यातच होतो. मी वहीच्या पानाचा फोटो मागते, खाडाखोडीसकट. खाडाखोड असेल तर उत्तमच. सुबक परिच्छेद मी वाचत नाही आणि हे मुलांना पहिल्या दिवशीच सांगून टाकते.

उत्तर कुणी द्यायचं? इथे आपण शिक्षक घोळ घालतो. प्रश्न दिसला की आपली बोटं शिवशिवतात. दहा मिनिटांत आपण पूर्ण उत्तर टाकतो आणि चर्चा तिथेच संपते, कारण मॅडमच्या उत्तराखाली कोण कशाला लिहील? मी आता संध्याकाळपर्यंत थांबते. तोवर कुणीच काही लिहिलं नसेल तर उत्तर न देता एक खूण देते: ‘कागदावर तीन चौकोन काढा आणि प्रत्येक ओळीनंतर हेड कुठे आहे ते बाणाने दाखवा.’ एखाद्याने चुकीचं उत्तर दिलं तर पुसत नाही, ‘दोनच नोड असतील तर हे चालेल का?’ एवढंच विचारते. टेस्टच्या आदल्या दिवशी मात्र हे सगळं गुंडाळून सरळ उत्तर देते. त्या दिवशी मुलांना शिकवायचं नसतं, सोडवायचं असतं.

उत्तराच्या सुराबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. आपण पुण्याचे शिक्षक, पाट्यांच्या गावात वाढलेले. ‘हे शिकवून झाले आहे. पीपीटी पाहावी.’ हे मी स्वतः लिहिलेलं उत्तर आहे. जुनं मूडल चाळताना सापडलं. व्याकरण निर्दोष, शब्द मोजके, आणि त्यानंतर त्या मुलाचा वर्षभरात एकही प्रश्न नाही.

गप्प बसणाऱ्यांकडे वळते, कारण १० मार्कांच्या तुमच्या नियमाने सगळ्यात जास्त फटका त्यांनाच बसणार आहे. हडपसरहून बसने येणारी मुलगी उभ्या उभ्या फोनवर सगळी चर्चा वाचते. लिहायला लॅपटॉप लागतो, तो घरी दोघा भावंडांत एक. मराठी माध्यमातून आलेला मुलगा प्रश्न इंग्रजीत नीट मांडता येणार नाही म्हणून मांडतच नाही. आपल्या इंग्रजीला वर्ग हसेल ही भीती डाउटपेक्षा मोठी असते. मी कोर्सच्या पहिल्याच पानावर लिहिलं, ‘मराठीत, हिंदीत, इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत, कसंही विचारा’, आणि माझा पहिला प्रश्न स्वतःच मराठीत टाकला. जी नावं मी हजेरीत फक्त वाचली होती ती नावं दिसायला लागली.

नाव लपवायची सोयही द्यावी. पियाझा नावाची प्रश्नोत्तरांची व्यवस्था जगभरच्या विद्यापीठांत वापरतात. ती २००९ मध्ये पूजा शंकर यांनी सुरू केली. आयआयटी कानपूरला त्या संगणकशास्त्राच्या वर्गातल्या मोजक्या मुलींपैकी एक होत्या. मुलं हॉस्टेलवर एकत्र बसून गणितं सोडवायची आणि त्यांना मुलांशी बोलायचा संकोच वाटायचा, म्हणून त्या एकट्या बसून झगडायच्या. ट्राइझमन यांना दिसलं तेच, पण भारतातलं. पूजा शंकर यांच्या व्यवस्थेत वर्गमित्रांपासून नाव लपवून विचारता येतं. तुमच्या मूडलवर ही सोय नसेल तर साधा गुगल फॉर्म ठेवा आणि आलेले प्रश्न तुमच्या नावाने टाका. मी तसंच करते. मुलांना वाटतं मॅडमना फार डाउट येतात.

आणखी एक, पटकन सांगते: सत्तर मुलांची एकच चर्चा ठेवू नका. प्रॅक्टिकलच्या बॅचेस आहेतच, तेच गट करा. वीस जणांत माणूस बोलतो, सत्तर जणांत प्रेक्षक होतो.

आता मार्क. स्वयम्-एनपीटीईएलच्या, म्हणजे सरकारी ऑनलाइन शिक्षणमंचावरच्या, कोर्समध्ये असाइनमेंटचे २५ टक्के आणि अंतिम परीक्षेचे ७५ टक्के असा हिशेब असतो. डाउट विचारायची जागा तिथेही आहे, स्वयम्च्या आराखड्यातला तो चौथा भागच आहे, पण तिथे बोलण्याला वेगळे मार्क नाहीत. २०२१ पासून यूजीसीच्या नियमांनुसार एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम स्वयम्वरून घेता येतात, त्यामुळे तुमच्या मुलांनी असे कोर्स केलेले असतील किंवा करतील. त्यांना विचारा, तिथल्या चर्चेत ते कधी गेले. बहुतेक जण सांगतील, असाइनमेंटची मुदत संपत आली तेव्हा. म्हणजे मार्क नसले तरी मुलं जातात, काम अडलं की जातात. मार्क चर्चेला ठेवण्यापेक्षा काम असं द्यावं की अडायलाच हवं.

पण नियम झालेला आहे आणि १० मार्क तुम्हाला द्यायचेच आहेत. तर असे द्या. मोजणी पूर्ण सोडा. सत्राच्या शेवटी प्रत्येकाने स्वतःचे तीन प्रसंग निवडायचे: एखादा विचारलेला प्रश्न, एखादं दिलेलं उत्तर किंवा दुसऱ्या कुणाची तरी चर्चा वाचून दुरुस्त झालेली स्वतःची चूक. प्रत्येकावर चार ओळी: आधी काय समजत होतो, आता काय समजतो. वाचणारी मुलगी इथे बोलणाऱ्या मुलाच्या बरोबरीला येते. मग व्हायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, वेळी त्यातला एक प्रसंग काढून दोन मिनिटं विचारा, म्हणजे दुसऱ्याकडून लिहून घेतलेलं लगेच कळतं. तुमच्या नियमात ‘आठवड्याला दोन’ छापलेलंच असेल, तर दर आठवड्याला एक अडलेली पायरी आणि एक दुरुस्ती असा त्याचा अर्थ लावा. नियम शब्दशः पाळला जातो आणि ‘सहमत आहे’ला जागा उरत नाही.

मार्कांपेक्षा मला उपयोगी पडलेली युक्ती मात्र वेगळी आहे. सोमवारच्या लॅबची पहिली पंधरा मिनिटं मी आठवड्यातले दोन प्रश्न फळ्यावर घेते, विचारणाऱ्याची हरकत नसेल तर नाव घेऊन. आणि युनिट टेस्टमध्ये एक प्रश्न चर्चेतूनच काढते, थोडा फिरवून. पहिल्या टेस्टनंतर ही बातमी कॅन्टीनमध्ये पोचते. त्यापुढे कुणाला सांगावं लागत नाही.

तुम्ही शेवटी विचारलंय की हे सगळं करून मार्क किती वाढतील. माझ्या वर्गांत वरच्या मुलांना फारसा फरक पडलेला मला दिसला नाही, ती कशीही पास होतात. अगदी तळाच्या काहींपर्यंत मी चर्चेतून पोचूच शकले नाही. त्यांची अडचण आधीच्या वर्षाच्या सी प्रोग्रामिंगमध्ये होती आणि त्याला समोरासमोर बसवूनच शिकवावं लागलं. फरक दिसला तो मधल्यांत, ज्यांना थोडं येतं, थोडं अडतं आणि जी विचारत नाहीत त्यांच्यात. आणि तोही आधी व्हायवात दिसला, मार्कांत नंतर. ‘माहीत नाही मॅडम’ऐवजी ‘इथपर्यंत येतं, पुढे खात्री नाही’ असं म्हणायला लागली.

रिकर्शनचा प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीला मी पुढच्या सोमवारी लॅबमध्ये शोधून काढलं आणि उत्तर उशिरा दिल्याबद्दल सॉरी म्हटलं. ती म्हणाली, “मॅडम, मला कळलं नंतर. हॉस्टेलवर सीनिअर ताईंनी प्लेटा एकावर एक ठेवून दाखवलं.”

मी तेव्हापासून रिकर्शन मेसच्या प्लेटांनीच शिकवते. तुमच्याकडे लॅबमध्ये प्लेटा नसतील तर वह्याही चालतात.